दोन टर्बोंची लाल गाडी

९ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

चारशे अठ्ठ्याहत्तर घोडे! गाडीचं माहितीपुस्तक आज भसीन साहेबांनी हातात दिलं. इंग्रजी आहे, पण सावकाश वाचलं की कळतं. उतरवून ठेवतो. फेरारी एफ-४०. आठ सिलिंडर, २९३६ सीसी, टर्बो दोन. ताकद ४७८, तीही इंजिनाच्या मिनिटाला सात हजार फेऱ्यांना. वजन जेमतेम अकराशे किलो. कमाल वेग ताशी ३२४.

फौजेत सव्वीस वर्षं ट्रकांखाली काढली. एवढ्या मोठ्या ट्रकला शंभर-सव्वाशे घोडे म्हणजे डोक्यावरून पाणी! वाचून झाल्यावर पुस्तक सवयीनं कपाळाला लावलं. साहेब हसले — "उस्ताद, पढ़ने की चीज़ है, पूजने की नहीं!"

साहेबांची पानिपतला चादरींची गिरणी. गाडी परदेशातून आणली, गुडगावच्या नव्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, मागे तिच्यासाठी शेड बांधली आणि सांभाळायला मला ठेवलं. त्याला आज तीन आठवडे झाले. आत गालिचा नाही, रेडिओ नाही. दार आतून उघडायला नुसती एक दोरी. इतकी महाग गाडी आणि आत संन्याशाची खोली! मला फार आवडली.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

शेडमध्ये पूजा केली. पाने, हातोड्या, जॅक मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग गाडीची पूजा. अरुणा पोरीला, सुकन्याला, घेऊन पालमच्या घरून बसनं आली होती. गाडी इतकी गुळगुळीत की हार बांधायला जागाच सापडेना! दोन्ही कुशींवर हवा आत जायच्या खाचा आहेत, त्यांत झेंडू दोऱ्यासकट खोवले. दोन्हीकडे सारखे. सुकन्या म्हणाली, "बाबा, गेंदा किती मस्त दिसतोय!" दिल्लीत वाढलेली पोर. झेंडू म्हण, म्हटलं.

आरती झाली. साहेबांनी नारळ फोडला, गाडीत बसले आणि इंजिन असं रेस केलं की शेडचे पत्रे थरथरले. अरुणानं कानांवर हात घेतले, पण हसत होती. संध्याकाळी फुलं काढून निर्माल्य पिशवीत भरलं.

गाडीकडे बघत पुष्कळ वेळ बसलो. काही मागितलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाईट दिवस.

मानेसरच्या बाजूला नव्या वसाहतीचा रस्ता झालाय. तीन किलोमीटर सरळ, डांबर ताजं, अजून एकही घर नाही. साहेब चालवत होते, मी शेजारी. गाडी धावलीच नाही!

टर्बोचं काम साधं. इंजिनाच्या धुरानं चक्र फिरतं आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्या दाबाचा काटा एकच्या वर जायला हवा. अर्ध्यावरही गेला नाही. साहेबांचे मित्र मागून मारुतीतून आले. खाली उतरून म्हणाले, "भसीन, यह तो बारात की घोड़ी है!" साहेबांनी तिथूनच गाडी घरी वळवली.

१३ ऑक्टोबर

प्लग, पेट्रोल, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या — सगळं तपासलं. सगळं ठीक. काटा तिथंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबांनी मुंबईहून विमानानं इंजिनियर बोलावला. जयंत त्याचं नाव. तिशीचा, हुशार, मराठी ऐकून बरं वाटलं. तासभर मीटर लावून बघितलं.

"काका, दोन्ही टर्बो गेलेत."

"दोन्ही? एकाच दिवशी?"

"होतं असं. गाडी आठ वर्षांची आहे."

"उघडून बघू या का?"

"इथं? या शेडमध्ये?" हसला. "काका, हा तुमचा ट्रक नाही हो."

साहेबांनी तिथंच ठरवून टाकलं. सोमवारी ट्रेलर येणार, गाडी मुंबई बंदरावर आणि तिथून दुरुस्तीला दुबईला. "ठीक हो गई तो वहीं बेच दूँगा. यहाँ किसके भरोसे रखूँ?"

माझ्यासमोर म्हणाले! भरोसा माझाच होता ना! म्हटलं, साहेब, रविवारपर्यंत मला द्या. खांदे उडवले. म्हणजे दिले असंच धरतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं!

सकाळी काही न करता गाडीसमोर बसून राहिलो. दोन टर्बो, दोन बाजूंना, दोघांची हवा यायची वाट वेगळी. दोन माणसं एकाच दिवशी, एकाच मापानं आजारी पडली तर ती एकाच पंगतीत जेवलेली असणार. मग या दोघांना एकसारखं वाढलं कोणी?

उठलो, पाना घेतला.

डाव्या बाजूची हवेची पेटी उघडली. आत फिल्टरवर केशरी थर! पाकळ्या चिकटून, वाळून पापडासारख्या झालेल्या. मध्ये दोऱ्याचा गुंता. उजवीकडेही तेच. साहेबांनी रेस केलं तेव्हा इंजिननं खाचांतली फुलं आत ओढून घेतली होती. दिसली तेवढीच मी काढली. घशात बोळा कोंबून धावायला सांगितलं बिचारीला!

फिल्टरपलीकडे एकही पाकळी गेलेली नाही. टर्बोंची चक्रं हातानं फिरवून पाहिली — लोण्यासारखी.

सगळं पुसून लावलं. कोणी पाहिलं नाही. "फिल्टर साफ केला" एवढं म्हटलं तरी भागेल. खोटंही नाही ते.

१६ ऑक्टोबर

पहाटे देवापुढे बसलो. तिथंही झेंडूच. मन लागेना. उठलो, पहिली बस पकडली आणि साहेबांना कोठीच्या दारातच गाठलं. पाकळ्या वर्तमानपत्रात बांधून नेल्या होत्या, त्या पुढं केल्या. म्हटलं, गलती मेरी है. पूजा मैंने की थी.

साहेबांनी पुडी उघडून बघितली. मग असे हसायला लागले की भिंतीला टेकले! "उस्ताद! लोग इंजन में तेल डालते हैं, तुमने भगवान डाल दिया!"

जयंतला फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "काका, मी उघडायलाच हवं होतं."

मी म्हटलं, मी खोवायला नको होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

तोच रस्ता. दोन्ही टोकांना गिरणीची माणसं झेंडे घेऊन उभी. साहेब बसले. साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत काहीच नाही. मग पाठीत लाथ बसावी तशी उसळली! साहेबांनी दचकून पाय काढला, गाडी कडेला घेतली. चेहरा चादरीसारखा पांढरा. "तुम चलाओ."

मी! बूट काढले, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि क्लच दाबला. ट्रकाइतका जड — ओळखीचा वाटला. दुसरा गिअर, तिसरा... टर्बोंची शिट्टी वाढत गेली आणि काटा एकच्या पुढं जाऊन थांबला. एक पूर्णांक एक! पुस्तकात लिहिलंय तेवढाच! चौथ्यात रस्ता अरुंद होत गेला. मी ओरडत होतो म्हणे. साहेब सांगतात, "जय भवानी." मला आठवत नाही. वेगाचा काटा दोनशे अठ्ठेचाळीसवर पाहिला आणि पाय उचलला. रस्ता शिल्लक होता, पण हव्यास नको.

मारुतीवाले मित्र उभेच होते. कोणी घोडी म्हणालं नाही. एकानं माझ्यासाठी दार धरलं.

दुबईचा ट्रेलर साहेबांनी तिथूनच रद्द केला. एकोणपन्नासाव्या वर्षी, देवा, हे काय दाखवलंस!

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी गाडी विकली. म्हणाले, "उस दिन समझ गया, यह मेरे बस की नहीं." नाशिकच्या एका कारखानदारानं घेतली. त्याची अट एकच — गाडीबरोबर उस्तादही हवा.

घरी येऊन सांगितलं. अठ्ठावीस वर्षं झाली आम्हांला मुलूख सोडून. अरुणा माळ्यावर चढून देवांसाठी खोका शोधतेय.