गाडीच्या दिव्यांबद्दल, वन्संना

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते, कारण मागच्या पत्रात ती राहिली आणि तुम्ही उत्तराचं अख्खं पान नुसत्या गुडघ्यांवर खर्ची घातलंत. भाऊजींचा खोकला आता थांबला असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत. (खुशाल लिहायचं असतं म्हणून लिहिलं. या पत्रात कंस दिसला की जरा सावकाश वाचा, वन्सं.)

पत्राला कारण तुम्ही आणि भाऊजींनी मोठ्या मनानं आम्हाला दिलेली गाडी. तिच्याबद्दल एक शब्द वावगा लिहायचा नाही अशी यांची सक्त ताकीद आहे, तेव्हा आधीच सांगते, गाडी उत्तम आहे. इंजिन सुरू होतं, दारं लागतात, लागलेली दारं उघडतातसुद्धा. फक्त दिव्यांचा भरवसा नाही. आणि तुमच्या भावाचा व्यवसाय पडला जनावरांच्या डॉक्टरचा. जनावरं दिवसाउजेडी आजारी पडत नाहीत. दिवसभर हे दवाखान्यात माशा मारत बसतात आणि संध्याकाळी आमची पानं वाढली की कुणाची तरी गाय अडते. इतके दिवस मी तेही सोसलं. पण पुढच्या महिन्यात आपली लेक बाळाला घेऊन येते आहे. जावयांना रजा नाही, म्हणून एकटीच येणार, आणि तिची रेल्वे पोचते ती पार अंधार पडल्यावर. यांनी जाहीर करून टाकलंय की नातवाला आणायला मीच जाणार, भाड्याची गाडी वगैरे काही चालायचं नाही. स्टेशनचा रस्ता तुम्ही पाहिलेला आहे. आधी कालवा, मग तो चिंचोळा पूल, मग वीटभट्टीचं वळण, आणि एवढ्या वाटेत रस्त्याच्या कडेला एक म्हणून दिवा नाही. जो काय उजेड तो आपल्या गाडीचा. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागून राहिलाय. (बाळाच्या अंगाचे कपडे शिवायला घेतलेत आणि प्रत्येक टाक्याला मला तो पूल दिसतो.)

सुरुवात झाली डाव्या दिव्यापासून. खड्ड्यात चाक गेलं की तो विझायचा आणि पुढच्या खड्ड्यात गेलं की लागायचा. आमच्या रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नाही, त्यामुळे एकूण हिशेबात तो निम्मा वेळ तरी लागलेला असे. फारच हट्टाला पेटला तर हे गाडी थांबवून खाली उतरायचे. पण थेट दिव्याकडे जाणं यांना मान्य नाही. तुमचा भाऊ गाडीजवळही जातो तो जनावराजवळ गेल्यासारखा. बाजूनं, सावकाश, तिच्या नजरेत राहून. आधी बॉनेटवर हात ठेवायचा, ‘हां, हां, काही नाही, काही नाही’ असं पुटपुटायचं, ती निवांत झाली असं वाटलं की मग खाडकन एक थाप मारायची. दिवा लागायचा. एकदा थाप मारून झाल्यावर मी यांना खिशातून गुळाचा खडा काढताना पाहिलं, पण तो यांनी स्वतःच खाल्ला. (इथवरचं सगळं खरं आहे. तेव्हा दिवा खरोखरच बिघडलेला होता.)

मग नाक्यावरच्या बॅटरीवाल्याला गाडी दाखवली. त्याला सगळे करंट म्हणतात, कारण बोलता बोलता तो मध्येच दचकतो. तो बिचारा हत्यारं घेऊन मागच्या बाजूनं गाडीकडे गेला, तर हे त्याच्यावर केवढ्यांदा ओरडले, की मागून जाऊ नकोस, लाथ बसेल! करंट जो दचकला तो पाना टाकून शिंप्याच्या दुकानात शिरला. असो. त्यानं वायर बदलली, दोन्ही बल्ब बदलले, काचा घासून दिल्या. त्या संध्याकाळी आम्ही चक्कर मारली, तर हे म्हणाले की दिवे लागतात खरे, पण मंद आहेत. (करंटनं दिवे लावून दाखवले तेव्हा समोरचा शिंपी डोळ्यांवर हात धरून बाहेर आला आणि मशीनवरचं गिऱ्हाइकाचं काम वाकडं गेलं म्हणून भांडला.) गाडी पुन्हा करंटकडे गेली. त्यानं आणखी मोठे बल्ब घातले. तरी मंदच. आता यांचं मत असं आहे की करंटला कामातलं ओ का ठो कळत नाही आणि बाजारात हल्ली माल चांगला येत नाही. समोरून येणारे ट्रकवाले आम्हाला बघून आपले दिवे उघडझाप करतात. हे म्हणतात, बघ, त्यांनासुद्धा आपली दया येते. (ते हात जोडतात, वन्सं. एकानं खिडकीतून डोकं काढून यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्हीही त्यात आलात.)

हल्ली रात्रीचं बोलावणं आलं की मीही गाडीत जाऊन बसते. बायकोमाणसाचं गोठ्यात काय काम, असं लोक आधी बघायचे, आता माझ्यासाठी खुर्ची काढून ठेवतात. माझं काम रस्ता सांगायचं. डावीकडे खड्डा, पुढे कुत्रं, कुत्रं गेलं, आता बैलगाडी, बैलगाडीला कंदील नाही. हे म्हणतात की तू रेडिओसारखी अखंड चालू असतेस आणि तुला बातम्यांशिवाय काही येत नाही. पण मी गप्प बसले की गाडीही आपोआप सावकाश होते हे माझ्या लक्षात आलेलं आहे. मागच्या पंधरवड्यात मी पदराची पिन शोधायला खाली वाकले आणि वर बघते तो गाडी उभी. समोर रस्त्यात म्हैस बसलीय म्हणाले. हॉर्न वाजवला, म्हैस ढिम्म. शेवटी हे उतरले, बाजूनं गेले, नजरेत राहून गेले, पाठीवर हात ठेवला आणि ‘ऊठ ग बाई’ म्हणाले. तो खडीचा ढीग होता. दिवे मंद असल्यावर चांगल्या चांगल्या माणसाची फसगत होते. (भर बाजारात पलीकडच्या टोकाला उभं राहून बैल कुठल्या पायानं लंगडतोय ते सांगणारा हा माणूस.)

ढिगाचं मी हसण्यावारी नेलं. दूधवाल्याचंही नेलं असतं. त्याच्या सायकलला आमच्या गाडीचा निसटता धक्का लागला आणि किटल्या कालव्यात गेल्या, पण त्याची गाय यांनीच वाचवलेली, तेव्हा तोच उलट यांची माफी मागत बसला. इथले लोक असे. यांनी उद्या कुणाच्या ओट्यावर गाडी चढवली तरी ओटाच मधे आला म्हणतील. पण परवा जे झालं त्यानंतर मला हसू येत नाही. वीटभट्टीच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ अंगावर पांघरूण घेऊन कडेनं चालले होते. मी ‘अहो, थांबा!’ म्हणून किंचाळले आणि यांचा हात धरला. गाडी थांबली तेव्हा त्यांच्यात आणि आमच्यात हातभर अंतर होतं. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येत असावं, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, आपल्या चालीनं निघून गेले. यांनी खाली उतरून दोन्ही दिव्यांच्या काचा रुमालानं पुसल्या. मग म्हणाले, दिवे मंद आहेत, नाहीतर मला लांबूनच दिसले असते. त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग केलं. (पांघरूण पांढरंस्वच्छ होतं, वन्सं. मला ते पूल ओलांडल्यापासून दिसत होते. मी वाट बघत होते की हे आता वेग कमी करतील, आता करतील.)

बाकी घरातले दिवेही यांना मंद वाटू लागलेत, म्हणून सगळे बल्ब बदलले. आता आमच्याकडे इतका लख्ख उजेड असतो की पालींनी बिऱ्हाड हलवलं. वर्तमानपत्र बंद केलं, कारण त्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही म्हणतात. (चहा कपात ओततात तो बशीत जातो. बशीतला पितात आणि मुद्दाम ओतल्यासारखं दाखवतात.)

कामात मात्र यांचा हात तसाच आहे. मागच्या आठवड्यात टांगेवाल्यानं त्याची म्हातारी घोडी आणली. संध्याकाळी उंबरठ्याला अडखळते, सावलीला बुजते, एवढं ऐकूनच यांनी निदान केलं की मोतीबिंदू आहे, आणि त्याला दरडावून सांगितलं की अंधारात हिला टांग्याला जुंपलंस तर तिच्यासकट मरशील, वर दुसऱ्याला मारशील ते वेगळं. टांगेवाला रडवेला झाला. म्हणाला, डॉक्टर, आयुष्यभर राबली ती, आता नुसती उभी करून ठेवू? हे घोडीची मान थोपटत राहिले. (मी शेजारी उभी होते. मी घोडीकडे बघत नव्हते.)

तर अशी ही दिव्यांची कथा. भाऊजींच्या वेळी दिवे असा त्रास द्यायचे का, आणि तेव्हा काय उपाय केला होता, ते कळवावं, एवढंच विचारायचं होतं. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. अक्का, हिनं मला पत्र वाचून दाखवलं. मी शब्द न् शब्द ऐकला आहे आणि त्यात खोटं काही नाही. दिवे मंद आहेत हेच खरं. भाऊजींना म्हणावं, यात तुमचा दोष नाही, गाडी गुणी आहे. – तुझा भाऊ

ता. क. दुसरा. वन्सं, हे आता बाहेर गाडीला फडक्यानं पुसताहेत, तेवढ्यात लिहून घेते. वरचा मजकूर यांच्या हातचा आहे, तो माझ्या सहीवर कसा चढलाय ते बघा. लिहून झाल्यावर मला विचारत होते की शाई फिकी आहे का. आमच्या लग्नापासून माझं प्रत्येक पत्र यांनी स्वतः वाचलं आणि वेलांट्या सुधारून पाकिटात घातलं. या खेपेला म्हणाले, तूच वाच, मी दमलोय. मी वाचलं. कंसातलं सोडून. मध्ये मध्ये का थांबतेस असं यांनी विचारलं तर मी दम लागतो म्हणाले, तेव्हा आता संध्याकाळी मला काढा प्यावा लागणार आहे.

गाडीचे दिवे उत्तम आहेत. बिघडलेत ते यांचे. मी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढून पाहिलं. हे तडक आरशासमोर गेले, पापण्या ओढून स्वतःचे डोळे तपासले आणि आपल्याला काही दिसलं नाही असा निकाल दिला. वर आरसा बदलायला हवा, धुरकट झालाय, असंही म्हणाले. त्यानंतर दोन जेवणं अबोल्यात झाली. मी रागावले होते, पण तो हट्ट नाही हे आता मला कळतं. रात्री कुणी हाक मारली आणि आपल्याला जाता आलं नाही तर, या विचारानंच ते घाबरलेत. मीही घाबरले आहे. मला फार भीती वाटते, वन्सं. लेकीला मी काय सांगू, बाळाला घेऊन वडिलांच्या गाडीत बसू नकोस म्हणून?

ते ऐकतील तर फक्त तुमचं. पण तुम्हीसुद्धा सरळ सांगू नका. तुमचे डोळे बिघडल्याचं लिहा. डॉक्टरकडे एकटीला धीर होत नाही, भाऊजींचा उपयोग नाही, भाऊ बरोबर असेल तरच जाईन, असं लिहा. हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघतील. तिथे खुर्चीवर बसायची वेळ आली की तुम्ही अंग चोरा आणि म्हणा, आधी तू बसून दाखव. म्हैस सुईला बुजली की हे आधी मालकाच्या दंडाला खोटं खोटं टोचून तिला दाखवतात. त्यांचीच रीत आहे, त्यांना वावगं वाटणार नाही. डॉक्टरांना मात्र आधीच सांगून ठेवा की बाजूनं यावं, नजरेत राहून यावं.

उत्तर लवकर पाठवा आणि तुमच्या नेहमीच्या मुंगीच्या अक्षरात लिहा, म्हणजे ते मलाच वाचायला देतील. त्यांनी ऐकायला नको ते कंसात घाला.