शंभरात एकतीस

मंगळवार, ३ सप्टेंबर

हळूबाई गेली. साहेबांनी काढलं तिला, पण कागद माझा होता.

पाण्याच्या तक्रारी फोनवर घेणाऱ्या आमच्या बारा जणींत ही सगळ्यांत संथ. हे नावही मीच ठेवलेलं. बाकीच्या चार मिनिटांत माणूस वाटेला लावतात, हिचे कॉल दहा-दहा मिनिटं! वर मध्येच गप्प बसायची. सहा सेकंदांपेक्षा जास्त शांतता म्हणजे वजा दहा. नियमच आहे, मी काय करू? एप्रिलपासून तिचा प्रत्येक कॉल तपासायला माझ्याकडे यायचा. घरीसुद्धा जेवताना तिच्याच नावाने खडे फोडायचो.

निघताना तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. मग माझ्या टेबलाशी आली. “सर, माझे कॉल शेवटपर्यंत ऐकलेत ना?”

“म्हणजे काय! न ऐकता मार्क देईन?”

धडधडीत खोटं बोललो.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आमची ही तिच्या ताईकडे गेली. बॅग जड होती, मीच तीन मजले उतरून टॅक्सीत ठेवून दिली. “किती दिवस?” म्हटलं, तर माझ्याकडे नुसतं बघितलं. “सांगितलंय मी.”

कधी सांगितलं? जेवताना काहीबाही बोलत असते खरी. मी “मुद्द्याचं बोल” म्हटलं असणार. तेवीस वर्षांत हे किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

भात करपला. घर खायला उठतं.

सोमवार, ९ सप्टेंबर

इथे तरी खरं लिहितो. हळूबाईचे कॉल मी ऐकलेलेच नाहीत. हेडफोन कानाला, आवाज बंद! पडद्यावर पट्टी दिसते – बोलणं हिरवं, शांतता पांढरी. पांढरं मोजायचं, मार्क टाकायचे, सही ठोकायची. दिवसाला चाळीस कॉल, कोण ऐकत बसतो?

पण ‘ऐकलेत ना’ हे तिचं विचारणं काही डोक्यातून जाईना. म्हणून आज तिचा एक जुना कॉल काढला आणि शेवटपर्यंत ऐकला. एक आजोबा, नळ गळतोय म्हणून फोन. तिने पत्ता घेतला, माणूस पाठवते म्हणाली. संपलं ना? पण ती फोन ठेवत नाही. नऊ सेकंद गप्प. मग आजोबाच हळूच म्हणतात, “नळ चांगला आहे हो. मलाच तो घट्ट पिळता येत नाही आता. हात थरथरतात.” पुढची पाच मिनिटं ती त्यांच्या शेजाऱ्यांचा नंबर शोधून देत होती.

खाली माझा शेरा – ‘विनाकारण गप्प राहते.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज हिचा आवाज ऐकला. त्याच हेडफोनमध्ये!

मे महिन्यातला कॉल. पत्ता आमचाच. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. हळूबाई विचारते, “आणखी काही, ताई?” आणि थांबते. मग ही म्हणते, “आमचे हे ना, माझं वाक्य स्वतःच पुरं करतात. बरं, तेही चुकीचं! आणि मी त्या चुकीच्या वाक्याला हो म्हणते. कोण वाद घालणार?” दोघी हसल्या. मलाही हसू आलं, आणि पुढचं काही वेळ नीट ऐकूच येईना. पुन्हा मागे घेऊन ऐकलं.

असे पाच कॉल. दर वेळी हळूबाईलाच जोडून मागितलेला. आणि ऑगस्टभर तर आमच्याकडे पाणी धो-धो येत होतं.

शेवटचा चोवीस ऑगस्टचा. “पाच तारखेला ताईकडे जातेय. कायमची. ह्यांनी नुसतं ‘थांब’ म्हटलं ना, तरी थांबेन.”

त्याच्याखाली माझी सही. शंभरात एकतीस.

बुधवार, ११ सप्टेंबर

साहेबांना सांगितलं, “तिचे मार्क मी न ऐकता दिले.” ते म्हणाले, “असलं तोंडी सांगायचं नसतं. लेखी द्या.” दिलं. आता माझं काय करायचं ते करोत.

हळूबाईला फोन केला. “चुकलं माझं.” ती गप्प. मी तोंडातून शब्द काढला नाही – काय अवघड असतं ते! शेवटी म्हणाली, “मी विचारलं होतं तेव्हा सांगायचं होतंत, सर.” बरोबरच आहे तिचं.

हिला अजून फोन केलेला नाही. धीर होत नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

केला. एकच विचारलं – “मला सोडून परक्या बाईला का सांगत होतीस?” आणि गप्प राहिलो. चौदापर्यंत मोजलं.

“परक्या बाईला कुठे? तिचा प्रत्येक कॉल तुम्ही ऐकता, तुम्हीच सांगायचात. म्हटलं, घरी नाही तर नोकरी म्हणून तरी माझं ऐकाल. ऐकूनही थांब म्हणाला नाहीत, म्हणून निघाले.”