दुसऱ्या नंबरचं इंजिन

४ जानेवारी, सकाळी
विमान जवळजवळ तयार. पंख आहेत, चाकं आहेत, दोन सीटा आहेत. पुढे मी, मागे बायको. राहिलं फक्त इंजिन. यंदा आरंभशूरपणा करायचा नाही, असा संकल्प. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बायकोला तळ्यावरून एक चक्कर मारून आणणार. तिला अजून बोललो नाही.

विमानाचं इंजिन आपल्या आवाक्यात नाही. म्हणून भंगारातलं मोटारीचं, पण रोटरी. पिस्टन नाही, वाल्व नाही. आत दोन त्रिकोणी रोटर गरगर फिरतात, बस्स. भाग कमी तेवढी कटकट कमी. पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागात बावीस वर्षं काढली आहेत. फिरणाऱ्या वस्तूंबद्दल मला कोणी शिकवू नये.

११ जानेवारी
भंगारवाल्याकडे रोटरी दोन निघाली. एक नंबर, ट्रकने मागून ठोकलेल्या गाडीतलं. काळंकुट्ट, तेलकट, वर कोंबडी बसलेली. दोन नंबर चकचकीत, चंदेरी रंग मारलेलं. त्याची गाडी म्हणे चालता चालता वाफ सोडून थांबली. भंगारवाला म्हणाला की साहेब, पहिलं न्या, दुसरं एकदा चांगलंच तापलंय. मी मनात हसलो. भंगारवाला ज्याला नावं ठेवतो तेच त्याला स्वतःला हवं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय चालता चालता थांबलं, याचा अर्थ चालत होतं!

दुसरंच उचललं. त्याने पुन्हा विचारलं की नक्की विमानालाच लावणार ना. मग एका कागदावर माझी सही घेतली, की त्याने मला सांगितलं होतं. पक्का माणूस.

१८ जानेवारी
मेकॅनिक आले होते. विमानतळावरून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. इंजिनाला दाबाचं मीटर लावलं. प्रत्येक रोटरला तीन बाजू, म्हणून काट्याने तीनदा सारखी उडी मारायला हवी. पहिला रोटर: ठक, ठक, ठक. दुसरा: ठक, ठक, फुस्स. मेकॅनिकांचा चेहरा पडला. मी तोंडी हिशेब केला. सहापैकी पाच, म्हणजे त्र्याऐंशी टक्के. डिस्टिंक्शन! ते म्हणाले की वर गेल्यावर एकच पेपर असतो आणि त्यात शंभरच लागतात. निराशावादी माणूस.

२५ जानेवारी
इंजिन बसलं. चालू केलं. आवाज काय गोड! सुरू होताना थोडा पांढरा धूर आला. जुना ओलावा असणार. नवीन आहे, सेट होईल. हे वाक्य मी फोनवर दिवसातून वीसदा म्हणतो आणि बहुतेक लोक पुन्हा फोन करत नाहीत.

२९ जानेवारी
रेडिएटरमधलं पाणी अर्धा लिटर कमी. बाष्पीभवन.

३० जानेवारी
पुन्हा अर्धा लिटर. थंडीतही बाष्पीभवन होतं तर.

१ फेब्रुवारी
संकल्प: पाणी मोजायचं नाही. मोजल्याने मन खचतं. नुसतं ओतायचं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
बायको शेडमध्ये आली. पांढऱ्या धुराकडे बघितलं, हुंगलं. म्हणाली की कुकरची रिंग गेली की वाफ अशीच भलतीकडून येते, आत कुठे रबराची रिंग आहे का बघा. मी म्हणालो की अगं, हे इंजिन आहे, स्वयंपाकघर नव्हे. ती गेल्यावर पुस्तक उघडलं. आत रबरी रिंगा आहेत. पाणी अडवायला. इंजिन तापलं की जातात. योगायोग. पुस्तक मिटलं.

८ फेब्रुवारी
बायकोला बेत सांगितला. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली की येईन. एवढंच! नंतर विचारलं की विम्याचे कागद कुठे आहेत आणि लॉकरची किल्ली कुठली. दोन्ही तिने आपल्या थोरल्या बहिणीकडे नेऊन ठेवली. कपाटंही आवरली. उत्साह म्हणतात तो हा.

१५ फेब्रुवारी
मेकॅनिकांनी विमानाशेजारी माझा फोटो काढला. दोनदा. म्हणाले की असू द्या. मग आपले पाने, हातोड्या सगळं पेटीत भरलं. पुढच्या रविवारच्या आत घरी हवंय म्हणाले. फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि माझा हात हातात घेऊन उभे राहिले.

संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन. तीन वर्षांचा अबोला आहे आमचा. म्हणाला की झालं गेलं विसरून जा. विमान बांधलं की माणसाचा मान असा वाढतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
नकाशा काढला. जुनी धावपट्टी, मग वीटभट्ट्या, मग तळं. नवव्या मिनिटाला आम्ही तळ्याच्या मधोमध. तिथे उतरायला जागा नाही. पण मधेच उतरायचंय कोणाला?

शेडमधलं मांजर पंखाखाली झोपायचं. चार दिवस फिरकलेलं नाही.

मेकॅनिक म्हणाले होते की आधी जमिनीवर सलग अर्धा तास चालवा. आजवर सलग चार मिनिटं झाली आहेत. उरलेली वर चालवू. एका दगडात दोन पक्षी.

२२ फेब्रुवारी, रविवार
पावणेसातला धावपट्टीवर. बायको मागे बसली. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. तिच्या मांडीवर स्वयंपाकघरातला टायमर. इंजिन सुरू. पांढरा धूर. मी वळून ओरडून विचारलं की निघायचं ना. ती म्हणाली की इंजिन चांगलं आहे असं तुम्ही म्हणालात ना, मग चला. तिने टायमर लावला.

बावीस वर्षांत एकाही ग्राहकाने माझ्यावर असा विश्वास टाकलेला नाही.

ब्रेकवरचा पाय उचलायचा होता. उचलेना. म्हणालो की वाऱ्याची दिशा बघतोय. वारा नव्हताच. थ्रॉटल वाढवला, पाय तिथेच. तिसऱ्या मिनिटाला तापमानाचा काटा लालकडे निघाला. पाचव्याला लालमध्ये. बंद करायला हवं होतं, पण मग ती विचारणार की का बंद केलं. आरशात बघितलं. तिने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. इथे खोटं कशाला लिहू? मी घाबरलो. स्वतःसाठी नाही.

सातव्या मिनिटाला जळक्या रबराचा वास. मग वाफ, इतकी की समोरचं दिसेना. नवव्याला आत काहीतरी खणकन वाजलं आणि प्रोपेलर जागच्या जागी थांबला.

तिने टायमर बंद केला. विचारलं की आत्ता आपण कुठे असतो. नकाशा मीच काढलेला. म्हणालो, तळ्याच्या मधोमध. ती बरं म्हणाली. तिला पट्टे सुटेनात. मी सोडायला गेलो, तर माझेही हात चालेनात. बराच वेळ लागला.

२३ फेब्रुवारी, ऑफिस
सकाळी पहिलाच फोन एका बाईंचा. नवीन पंख्यातून आवाज येतोय म्हणाल्या. सवयीने तोंड उघडलं. मग म्हणालो की बाई, आधी पंखा बंद करा, त्याच्याखाली कोणाला झोपवू नका, मी लगेच माणूस पाठवतो. त्यांना खरं वाटेना. दोनदा विचारलं.

दुपारपर्यंत एकोणीस माणसं पाठवली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय.