नादूरच्या घरी येणाऱ्यांसाठी सूचना

प्रिय विस्टिन,

पाहुण्यांसाठी पानभर माहिती लिहून पाठव, म्हणालास. कसं यायचं, काय करायचं, काय टाळायचं. घे, लिहिते. डोकं फिरलेलं आहे माझं, तेव्हा अक्षर आणि भाषा दोन्ही चालवून घे.

माल्टाच्या विमानतळावरून चिरकेव्वाच्या धक्क्याची बस धरायची. उन्हाळ्यात ती भरून येते आणि न थांबता निघून जाते. वैतागू नये, दुसरी येते. तिथून फेरीबोट. आपल्या गोझो बेटावर येताना कुणी तिकीट विचारत नाही, परतताना घ्यावं लागतं. तू मेलबर्नला निघालास तेव्हा मी तुला बोटीपर्यंत सोडायला आले होते. अकरा वर्षं झाली त्याला. आई गच्चीवर उभी होती. बोट दिसेनाशी झाली तरी तासभर खाली उतरली नाही. हे पाहुण्यांच्या कामाचं नाही, खोडून टाक.

नळाचं पाणी खारट लागतं, प्यायचं विकत घ्यावं. दुपारी दुकानं बंद असतात. दारं वाजवू नयेत, माणसं झोपलेली असतात. चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी जाऊ नये. जूनच्या शेवटी गावचा उत्सव असतो, सकाळी आठलाच शोभेच्या दारूचे बार उडू लागतात. युद्ध सुरू झालं म्हणून एजंटाला फोन करू नये.

आता किल्ली. तुझ्या एजंटाने दाराशेजारी आकड्यांची पेटी ठोकली आहे, किल्ली तिच्यात ठेवायची. गेल्या मंगळवारी मी चादरी बदलून निघाले आणि किल्ली बाहेरून दारालाच ठेवली. हाताची सवय. पाहुणे आले, त्यांनीही ती तिथेच राहू दिली. आपल्याकडे किल्ली दाराला दिसली की घरात माणूस आहे, आत या, एवढाच अर्थ. हे तरी विसरला नसशील. दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परतताना आईला ती दिसली. पाय मोडल्यापासून चार महिने ती माझ्याकडे आहे. तिच्या घराची डागडुजी चालू आहे, असं आपण दोघांनी तिला सांगितलं होतं. हो, दोघांनी. तू सुचवलंस, मी मान डोलावली, आणि त्याचा राग मला स्वतःचाही येतो. तिला वाटलं, काम संपलं. आत गेली, ओटा पुसला, चीजसाठी शेळीचं दूध तापत ठेवलं. तुझे पाहुणे पोहण्याच्या कपड्यांत वरून खाली आले, तर ही म्हणाली, “आधी अंगात काहीतरी घाला बघू. मग बसा, कॉफी ठेवते.”

त्यांनी तक्रार केली. ‘एक अनोळखी म्हातारी स्वयंपाकघरात शिरली.’ तू ती तशीच मला पाठवलीस आणि वर लिहिलंस, असं पुन्हा होता कामा नये. विस्टिन, लाज कशी वाटली नाही रे तुला? त्याच स्वयंपाकघरात तिने तुला भरवून मोठं केलं. तिला अनोळखी म्हातारी म्हटलेलं तू वाचलंस आणि खुशाल पुढे ढकललंस! शेजारची ग्राझियेला भर बेकरीत मला म्हणाली, “काय गं, आईसकटच भाड्याने दिलंत वाटतं घर?” सगळे हसले. मी पाव न घेताच परतले.

त्यानंतर आईला पाहुण्यांचं सांगावंच लागलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, “विस्टिनला ठाऊक आहे हे?” आणि मी मूर्ख, नाही म्हणाले. एजंटाने परस्पर केलं, म्हणाले. तिचा चेहरा काय खुलला! “वाटलंच मला. येऊ दे त्याला, एकेकाला सरळ करील तो.” कालपासून ती तिच्या घरी राहायला गेली आहे. शनिवारच्या पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलं आहे. आणि ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे, की माझा विस्टिन येतोय. तेव्हा वरची सगळी माहिती तुझ्यासाठी लिहिली आहे. ये. तुला सगळं ठाऊक होतं, हे मी तिला सांगणार नाही. ते तिच्यासमोर बसून, तिने केलेली कॉफी पीत, तू सांग.

अजून तरी तुझीच बहीण,
मार्थीझ