पाचला काचेशी येणारा मासा

प्रिय रेक्सलिन,

तुझा फोन आला की मी सगळं ठीक म्हणतो आणि कॅमेरा टाकीकडे वळवतो. आजचं फोनवर जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. सासऱ्याचं अक्षर लावून घे, बाई. जाळं विणणाऱ्या हातांना पेन जड जातं.

जेनिस्टनने मधल्या खोलीत टाकी बसवली तेव्हा मी किती हसलो होतो, आठवतं? तूतुकुडीत दारापुढे अख्खा समुद्र, आणि पोरगा काचेत खारं पाणी साठवतोय. तो म्हणाला होता, अप्पा, तुम्ही आणता ते सगळे मेलेले. घरात एक तरी जिवंत असू दे. मग मालदीवला कांदे घेऊन गेलेलं त्याचं गलबत परत आलंच नाही. सगळे म्हणाले, चर्चमध्ये त्याच्या नावाने मृतांची मिस्सा करा. तू टाकीपुढे उभी राहून म्हणालीस, त्याचा मासा जिवंत आहे तोवर तोही आहे. नागरकोविलला माहेरी जाताना मासा माझ्या हवाली केलास.

गेल्या मे महिन्यात टाकीत गोडं पाणी सोडणारी छोटी मोटार बंद पडली. जेवढं आटेल तेवढं ती आपोआप भरायची. जेनिस्टनने शंभरदा बजावलं होतं, अप्पा, आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, वरून गोडंच घालायचं. पण चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला मी; समुद्राच्या माशाला नळाचं पाणी पाजायला माझा हात धजेना. रोज सकाळी किनाऱ्यावरून घागर भरून आणायचो आणि कौतुकाने ओतायचो. असं महिनाभर. शेवटी टाकीच्या दुकानवाल्याला बोलावलं. त्याने पाणी चाखलं, थुंकून टाकलं आणि म्हणाला, आजोबा, मासा पाळलाय की लोणचं घातलंय? मी हसलो. मासा तेव्हा तळाशी आडवा पडला होता.

त्याच्याच दुकानातून मी तसलाच दुसरा आणला, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. आपल्या माशाचा डावीकडचा पट्टा मधेच तुटलेला होता, ह्याचा सलग आहे. म्हणून तुला मी सारखी उजवीच बाजू दाखवत आलो. एकदा तू विचारलंस, मामा, तो वळत का नाही? मी म्हटलं, माझ्यासारखाच हट्टी आहे.

खरं सांगू, मला ह्या माशाची भीती वाटते. आपला मासा पाचला जेनिस्टनची मोटारसायकल वाजली की दाराकडच्या काचेशी यायचा. ह्याने जेनिस्टनला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तरी पाच वाजले की तिथेच येतो आणि दाराकडे तोंड करून थांबतो. मी त्या वेळी दाणे घालतो म्हणून येतो, एवढं मला कळतं. पण मीही वळून दाराकडे बघतो.

परवा तुझा भाऊ येऊन गेला. नागरकोविलच्या शाळेतल्या एका मास्तरांनी तुला मागणी घातली आणि तू त्याचा मासा अजून जिवंत आहे असं सांगून नाही म्हणालीस, हे त्याच्याकडून कळलं. रेक्सलिन, तो मासा मेला. माझ्या हाताने मेला. आपला जेनिस्टनही गेला गं. दोन नोव्हेंबरच्या, मृतांच्या दिवसाच्या मिस्सेत त्याचं नाव वाचायला मी फादरना सांगितलंय. तू ये, पोटभर रड, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, आणि मग मास्तरांना हो म्हण. आता चार वाजून गेलेत. पाचच्या आत पत्र टाकायला निघतो. तो काचेशी आला, की माझ्याच्याने हे पाठवणं व्हायचं नाही.

तुझाच,
लूर्दूमामा