पूजेची पॅन्ट

२७ सप्टें., शनि.
उपवास. ह्यांचा पायजमा धुताना उजव्या मांडीवर चीर दिसली. बोटभर, ब्लेडनं कापल्यासारखी सरळ. ह्यांना खुर्चीत बसवून पाय बघितला, ओरखडासुद्धा नाही. जगदंबे, तुझीच कृपा.
"तार लागली असंल," म्हणे.
तार अशी कापत नाही. झाडं तोडायचं साखळीचं मशीन घेतल्यापासून कुऱ्हाड नकोशी झालीय. आणि अंगात काय, तर पायजमा नि चप्पल.
लेकीला फोन केला. सोनू वाळूजला कंपनीत आहे. "आई, तू भांडू नको, मी बघते."

२९ सप्टें., सोम.
सोनू खोकं घेऊन आली. हेल्मेट, त्याला तोंडापुढं जाळी आणि कानावर टोप. हातमोजे, बूट. आणि एक जाड पॅन्ट. तिच्या आत म्हणे नुसते धागे. साखळी लागली की धाग्यांत गुंतते, मशीन जागेवर बंद. किंमत सांगेना. चिठ्ठी फाडून आणलीय. माझीच लेक, मला ओळखते.
हे: "असल्या उन्हात हे घालून मी भाजून निघन का नाय?"
"बाबा, आमच्याकडं बूट नसले तर गेटवरूनच हाकलतात."
"तुमच्याकडं पंखे असतेत."
खोकं माळ्यावर गेलं. आतली प्लास्टिकची पिशवी तेवढी काढून घेतली. कणकेवर झाकायला चांगली.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
सुचलं! देवीनंच सुचवलं. पाटावर मशीन मांडलं, शेजारी हेल्मेट, मोजे, पॅन्टची घडी. बूट खाली, वर्तमानपत्रावर. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडू. पूजा झालेल्या वस्तूची हे कधी हेळसांड करत नाहीत. कुऱ्हाडीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. ह्यांनी आरती लई झोकात म्हटली, पॅन्टलाही हात जोडले. मी मनात हसले.

३ ऑक्टो., शुक्र.
शेजारच्या शेखभाभींच्या पत्र्यावर कडुलिंबाची फांदी टेकलीय. मांडीएवढी जाड. सकाळी ह्यांनी मशीन उचललं, पायजम्यावरच निघाले. मी पॅन्ट पुढं केली.
"पूजेची वस्तू पायात घालू व्हय? देवीसमोर तूच ठेवली ना?"
आधी वाटलं थट्टा. पण तोंड खरंच उतरलेलं. घ्या! माझा डाव माझ्यावरच.
म्हटलं, "पोळ्याला बैलाची पूजा करता, दुसऱ्या दिवशी औताला जुंपता का नाही?"
"जुंपतेत. बैल पायात कोण घालतं?"
मला हसू आलं नाही. ती चीर डोळ्यांपुढं. दारातच उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला. काय करावं...
मग आठवलं. उत्तरपूजा! गणपतीची करतो तशी. पॅन्टवर अक्षता टाकल्या, जरा जागची हलवली, म्हटलं, "आई, आता आपल्या ठिकाणी जा. पुढच्या वर्षी परत ये."
"झालं. देवी गेली. आता नुसतं कापड. घाला."
हे बघतच राहिले. मग जे हसू फुटलं! "अगं, तू तर भटजींच्या पोटावर पाय आणशील!" आणि घातली. सगळंच घातलं. बुटाच्या नाड्या मी बांधल्या, वाकता येईना त्यांना.
शेखभाभी त्यांच्या दारात. तोंडापुढची जाळी बघून म्हणतात कशा, "अगे माँ! सेहरा बांधके किदर चले भाईजान? बारात किदर है?"
हे लाजले. गेलं सगळं, आता काढतात, वाटलं. तर म्हणाले, "बारात तुमच्याच पत्र्यावर हाय भाभी. बाजूला व्हा."
फांदी उतरली. पत्रा शाबूत, पाय शाबूत. बनियन पिळून निघालं घामानं, पण कुरकुर नाही. देवीला पेढे ठेवले. पावशेर. (दोन-चारवर भागलं असतं, पण असू दे.)

५ ऑक्टो., रवि.
हे देवगाव रंगारीला गेले. बांधावरच्या बाभळी काढायच्यात, दोन दिवसांचं काम. पिशवीत सगळं मी भरून दिलं. पण तिथं मी नाही. हसणारे मात्र असतीलच. घालतील का?
पोथी वाचायला बसले. लक्ष लागेना. दुपारी फोन लावला.
"अहो, घातलंय का?"
"आं? मोठ्यानं बोल, कायबी ऐकू येईना!"
मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, आधी कानावरचं काढा की!"
मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. कान झाकलेत, म्हणजे डोकंही झाकलेलं. ते एकत्रच आहे. आता पॅन्टचं विचारणार, तेवढ्यात तिकडं मशीन सुरू. फोन तसाच खिशात टाकला असणार.
कितीदा हाका मारल्या. मग ऐकत बसले. आवाज एकसारखा, मध्ये कुठं अडकत नव्हता. मजेत होतं मशीन.
फोन बंद करवेना. नुसतं ऐकायला काय पैसे पडतात?