बावखलात बुडवलेलं लाकूड

१८ मार्च
ते लाकूड आज माळ्यावरून खाली काढलं. यांनी राजोडीच्या किनाऱ्यावरून आणलेलं, सुरूचं मूळ. भरतीने टाकून दिलेलं, वेडंवाकडं. माशांच्या टाकीत ठेवायचं होतं, एंजल माशांना लपायला. आणलं आणि पुढच्याच आठवड्यात लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आता पलंगावर पडून दिवसभर टाकी बघतात. मला नाही बघत. राग नाही त्याचा. आहे थोडा.
एवढं एक काम तरी त्यांच्या मनातलं करावं.

२० मार्च
कोयत्याच्या पाठीने साल खरवडली, काथ्याने घासलं. कमरेचा काटा ढिला. निखिलने मोबाइलवर वाचून दाखवलं: समुद्राचं लाकूड, मीठ निघायला गोड्या पाण्यात महिनाभर भिजवायचं, पाणी बदलत राहायचं.
"आई, ड्रममध्ये टाक. नळाचं पाणी यूज कर, टेन्शन नाही."
नळाला पाणी दिवसाआड. म्हटलं, वाडीत एवढं बावखल असताना ड्रम कशाला? पणजोबांनी खणलेलं तळं, त्यावर तीन पिढ्यांच्या केळी वाढल्या. पाट्याचा फुटका तुकडा बांधून बुडवलं. तरंगत होतं मेलं, दोनदा वर आलं.

२८ मार्च
यांना सांगितलं, तुमचं लाकूड बावखलात भिजतंय, मे लागायच्या आत टाकीत. यांनी डाव्या हाताचं बोट जिभेवर ठेवलं. पुन्हा पुन्हा तेच. तोंड आलं असेल म्हणून बॅटरी लावून बघितलं. काही दिसलं नाही. तरी तूप लावलं.

३० मार्च
परत बोट जिभेवर, मग हात खिडकीकडे. चहा हवा असेल. साखर बंद आहे, तरी दोन चमचे घातली, बिचारे मागतात तरी काय. कप ढकलून दिला. चादर, उशी सगळं भिजलं. मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

१७ एप्रिल
केळीच्या पानांच्या कडा करपल्यात. ऊन फार. लाकूड आता तळाला राहतं, दगड सोडला तरी. म्हणजे मुरलं.

२२ एप्रिल
मागच्या दारी चूल पेटवून आंघोळीच्या हंड्यात उकळलं, तीन तास. पाणी कोऱ्या चहासारखं. गार करून टाकीत ठेवलं. छानच दिसतं. काळा एंजल लगेच मुळाच्या आड.
टाकीचं पाणीही पिवळं पडत चाललंय. निखिल म्हणाला, पडतंच, बदलत राहा.

२३ एप्रिल
सकाळी अर्धं पाणी उपसून बावखलाचं भरलं. संध्याकाळी परत. हे आजारी पडायच्या आधी दोन वर्षं नळाचं शिळं पाणी घालायचे टाकीत, बादलीत दिवसभर ठेवून; नंतर निखिलही तसंच. मला तो चक्रमपणा वाटायचा. विचारलं मात्र कधी नाही.
मी बादली ओतत असताना यांच्या घशातून आवाज आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. केवढा मोठा. निखिलला ऑफिसात फोन केला, म्हटलं बाबा खूश आहेत, आवाज काढला. तोही रडला फोनवर.

२४ एप्रिल
परत पाणी बदललं. आवाज परत. हात आपटत होते पलंगावर. मासे वर येऊन तोंडं उघडतायत, भूक असेल. दाणे टाकले, खाल्ले नाहीत.

२५ एप्रिल
सगळे गेले. काळा दुपारी, सर्वांत शेवटी. यांच्या डोळ्यांसमोर. पलंग फिरवायचंही मला सुचलं नाही.

२७ एप्रिल
मार्थाबाई आली माशांची टोपली घेऊन, अर्नाळ्याची. एरवी माझी थट्टा करते, घरातले पाळता नि माझे खाता म्हणून. आज रिकामी टाकी बघून टोपली खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. म्हणाली, "वयनी, बावखलाचं पानी कोनी चाखलं का? आमच्याकडच्या विहिरी समद्या खारवल्या. उन्हाल्यात तर तोंडात धरवत नाय."
बावखलावर गेले. ओंजळभर तोंडात घेतलं. पेजेत घालतो तेवढं मीठ.
सासरे रोज सकाळी बावखलाचं ओंजळभर पाणी जिभेवर घ्यायचे, थुंकायचे, मगच केळींना पंप. त्यांच्यामागे हे. चौतीस वर्षं मी ओट्यावरून बघत आलेय. हे पडल्यापासून पंप मीच लावते. चाखायचं ते पुरुषमाणसांचं काम, म्हणून माझ्या डोक्यातच नाही.
बोट जिभेवर. मग खिडकीकडे, जिच्यातून बावखल दिसतं. याहून सोपं कसं सांगणार होते? आणि मी तूप लावलं.
पायरीवर बसून रडले. मार्थाबाईचे मासे उन्हात, तरी ती गेली नाही.

२ मे
टाकीकडे बघत नाहीत आता. भिंतीकडे तोंड. निखिल म्हणतो, टाकी देऊन टाकू, बाबांना त्रास होतो. मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगता आलं नाही.
लाकूड ड्रममध्ये टाकलंय, नळाच्या पाण्यात. दर दोन दिवसांनी बदलते. रोज जीभ लावून बघते.

११ मे
आज बोलले यांच्याशी. खुर्ची भिंतीच्या बाजूला नेली, म्हणजे बघावं लागेल. सांगितलं, तुम्ही मला सांगत होतात. दोनदा सांगितलंत, मग ओरडून सांगितलंत. मला कळलं नाही. मासे मी मारले.
रडायला लागले. डॉक्टर परवाच म्हणाले, या आजारात रडू उगीचही येतं, मनावर घेऊ नका. मी घेतलं.
डावा हात हातात धरला. म्हटलं, लाकूड अजून भिजतंय. या वेळी गोड्यात, मी चाखते रोज. नवे मासे आणू का? हो असेल तर हात दाबा.
हात तसाच धरून बसले मी. बाहेर कोणीतरी केळीचे घड टेम्पोत भरत होतं. दाबला नाही. पण हात काढूनही घेतला नाही.